कापसाचा तंतू : भित्तिका आणि जनुके

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या बाह्यत्वचेतील एका पेशीची वाढलेली लव. ताग किंवा अंबाडीचा धागा खोडाच्या सालीतल्या अनेक पेशींचा मिळून होतो; कापसाचा एकाच पेशीचा असतो. फूल उमलते त्या दिवशी बीजांडावरच्या सुमारे चौथाई पेशी फुगून वर येतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या २.५ ते ३ सेंमी. लांब होतात. मग लांबणे मंदावते आणि आतल्या बाजूने भित्तिका जाड होऊ लागते. ही द्वितीयक भित्तिका जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची असते, तिच्यात लिग्निन नसते. पक्व तंतूत सेल्युलोज ९० टक्क्यांहून अधिक भरते. बोंड फुटले की पेशी वाळून चपटी होते आणि पीळ घेते. सूतकताईला हे पीळ उपयोगी पडतात. बाजारात लांब धाग्याचे कौतुक अधिक, पण तंतूची ताकद आणि रंग धरण्याचा गुण बराचसा या जाडीवर ठरतो.

माळव्यात या विषयाला जुना इतिहास आहे. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेल्या उज्जैनमध्ये पुढे नजरअली, विनोद, हिरा अशा कापडगिरण्या निघाल्या. भोवतालच्या काळ्या जमिनीत मालवी हा देशी कापूस होई : जात गॉसिपियम आर्बोरियम, धागा आखूड आणि जाडाभरडा. आता गिरण्या बंद आहेत आणि शिवारात सोयाबीन आहे. उज्जैनपासून सुमारे ५५ किमी.वर इंदूरला १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती उद्योग संस्था उभी केली. कंपोस्ट खतामुळे तिचे नाव झाले, मात्र तिचे मुख्य काम कापसाचे होते. जोसेफ हचिन्सन यांनी १९३३ ते १९३७ या काळात तेथे कापसाच्या आनुवंशिकीचा अभ्यास केला. आशियाई कापसात सरकीवर रुईच न येण्याचा गुण कसा उतरतो, यावरचा त्यांचा व पी. डी. गडकरी यांचा निबंध १९३७ चा आहे. रुई नसलेल्या काही देशी झाडांच्या पानाखोडावरही लव नसते, म्हणजे दोन्हींच्या घडणीत काही जनुके सामायिक असली पाहिजेत. नंतरच्या संशोधनात दुसरी बाजूही दिसली. अमेरिकन कापसात एमवायबी गटातील एक नियामक जनुक दाबले, तेव्हा सरकी बोडकी झाली, पण पानांवरची लव जशीच्या तशी राहिली.

सेल्युलोज घडवणारे वनस्पतीतले जनुक आधी सापडले ते कापसातच. १९९६ मध्ये डेबोरा डेल्मर व सहकाऱ्यांनी भित्तिका जाड होत असलेल्या तंतूंतील जनुके तपासली आणि जिवाणूच्या सेल्युलोज-जनुकाशी जुळणारी जनुके त्यांना मिळाली. निवड नेमकी होती, कारण त्या अवस्थेतील पेशी सेल्युलोजखेरीज फारसे काही करतच नाही. आज ही जनुके ‘सेसा’ म्हणून ओळखली जातात. अरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक रोपात प्राथमिक भित्तिकेसाठी सेसा १, ३ व ६ आणि द्वितीयक भित्तिकेसाठी ४, ७ व ८ लागतात. कापसाच्या तंतूतही जाडी वाढताना ४, ७ व ८ याच जोडीदारांवर भर असतो. यांची प्रथिने पेशीपटलात सहा पाकळ्यांच्या फुलासारखी एकत्र बसून ग्लुकोजच्या साखळ्या बाहेर सोडतात. कच्चा माल पुरवण्यात सुक्रोज सिंथेज या विकराचा मोठा वाटा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याचे जनुक दाबले, तेव्हा तंतू फुटणेही खुंटले आणि वाढणेही. २००३ चा हा प्रयोग आहे.

पानावरची लवही याच संशोधनात कामी आली. अरॅबिडॉप्सिसची लव ध्रुवित प्रकाशात चकाकते, कारण तिच्या जाड भित्तिकेत सेल्युलोजचे धागे शिस्तीत मांडलेले असतात. १९९५ मध्ये डेल्मर यांच्याच प्रयोगशाळेत ही चकाकी हरवलेले एक उत्परिवर्ती रोप सापडले. त्यातले बिघडलेले जनुक २०१० मध्ये ओळखले गेले. ते स्वतः सेल्युलोज बनवणाऱ्या सेसा गटातले नाही.

जाडी हवामानावरही अवलंबून असते. सेल्युलोजचे थर रोज चढत जातात आणि थंड रात्री हे काम मंदावते. पठारावरच्या गार रात्रींसाठी माळवा प्रसिद्ध आहे; उशिरा लागवड झाली की बोंडे भरण्याचा काळ तिथे थंडीत जातो आणि रुई अपक्व राहू शकते. जिनिंगवाले ही पक्वता मायक्रोनेअर या तंतूच्या बारीकपणा-पक्वतेच्या मापाच्या आकड्यात पाहतात. प्रयोगशाळेत तंतू १८ टक्के कॉस्टिक सोड्यात फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात : पक्व तंतू पीळ सोडून सरळ दांडीसारखा होतो, अपक्व तंतू पट्टीसारखा चपटाच राहतो. अशा अपक्व तंतूंच्या गाठी होतात, रंग घेत नाहीत आणि रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यांनी दिसतात.

मात्र पातळ भित्तिका दिसली म्हणजे सेसाच बिघडले, असे धरता येत नाही. अमेरिकन कापसातील ‘इमॅच्युअर फायबर’ या उत्परिवर्तनाचे मूळ २०१६ मध्ये सापडले. तिथे एका जनुकातून डीएनएचा २२ अक्षरांचा तुकडा गळलेला होता, आणि ते जनुक पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या कामाशी संबंधित निघाले.