शाळेसाठी बिऱ्हाड

मे महिना लागला की अमरावती-अकोल्याकडच्या शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याची कधी बदली झालेली असते, तर कधी शेत मक्त्याने देऊन त्याने शहरात यायचे ठरवलेले असते. ‘सर, पोरांच्या शाळेच्या हिशेबानं खोली कुठं पाहावं जी?’ आपणही फारसा विचार न करता उत्तर देतो. अमरावतीत कॅम्प किंवा साईनगर, अकोल्यात जठारपेठ किंवा रामदासपेठ अशी नावे आपल्या तोंडात बसलेली असतात. ती नावे नेमकी कशी बसली, चांगली शाळा म्हणजे आपण काय समजतो आणि ती एका ठरावीक भागातच का असते, हे मात्र आपण सहसा तपासत नाही. या प्रश्नाला वऱ्हाडात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला तर उत्तर देण्याची आपली रीत थोडी बदलेल, असे आम्हाला वाटते.

कऱ्हाडहून अकोल्याला

सुरुवात करू अकोल्यापासून. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी होती. कऱ्हाडला इंग्रजी शाळेच्या खालच्या इयत्ता तेवढ्या झाल्या, पण पुढच्या शिक्षणाची सोय होईना. त्यासाठी ते रत्नागिरीला पायी गेले, पण तेथे निभाव लागला नाही आणि परत यावे लागले. मधल्या काळात त्यांनी कारकुनीसारखी मिळतील ती कामे केली. अखेर नातलगांच्या आधाराने ते अकोल्याला आले, तेथल्या सरकारी हायस्कुलात शिकले आणि १८७५ साली मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले.

आज कऱ्हाडच्या मुलाने शिकायला अकोल्याला यावे, हे ऐकून कोणीही चकित होईल. पण त्या मुलाच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. अकोल्यात हायस्कूल होते आणि डोके टेकायला घर होते. या दोन गोष्टी एका ठिकाणी मिळत, तेच गाव शिक्षणाच्या दृष्टीने चांगले. आगरकरांना तेथे तिसरी गोष्टही मिळाली, जी कोणी आधी ठरवून शोधू शकत नाही. ती म्हणजे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा विद्वान शिक्षक. शेक्सपिअरची नाटके मराठीत आणणाऱ्या या शिक्षकाचा आगरकरांवर प्रभाव पडला. पुढे आगरकरांनीही ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, हा योगायोग नसावा.

शाळा कुठे उभ्या राहिल्या?

अकोल्यात हायस्कूल का होते? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६० च्या दशकात दोन गोष्टी जवळजवळ एकदमच घडल्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचला. अमरावती मुख्य मार्गापासून सुमारे १० किलोमीटर बाजूला राहिली. तिला पुढे बडनेऱ्याहून फाटा जोडण्यात आला. याच काळात वऱ्हाडात शिक्षणखाते उभे राहिले आणि अकोला व अमरावती येथे सरकारी हायस्कुले सुरू झाली.

जेथे कापसाचा बाजार, जेथे कचेरी, जेथे कोर्ट, तेथेच हायस्कूल, अशी ही मांडणी होती. सरकारला कारकून हवे होते आणि बदलीवर येणाऱ्या अंमलदारांना मुलांसाठी शाळा हवी होती. शहराच्या आतही तसेच झाले. अकोल्यात मोर्णेच्या पश्चिमेला जुने शहर आणि पूर्वेला ताजनापेठ व सरकारी इमारती. अमरावतीत जुन्या तटाच्या आत गाव आणि बाहेर मोकळ्या जागेत कॅम्प. शाळा, साहेबांचे बंगले, वकिलांची घरे हे सारे एका बाजूला जमत गेले. म्हणजे आज आपण ज्याला शाळांचा चांगला भाग म्हणतो, त्याची रेघ पुष्कळ अंशी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कचेऱ्यांच्या नकाशावर ओढली गेली आहे. माती किंवा पाणी यांच्यासारखा तो त्या जागेचा गुण नव्हे.

पुन्हा तिसरीत बसलेला मुलगा

या नकाशाबाहेरच्या मुलाचे काय होत असे, ते पापळ गावी पाहायला मिळते. पंजाबराव देशमुखांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी झाला. गावच्या शाळेत तिसरीपर्यंतच वर्ग होते. चौथीसाठी त्यांना चांदूर रेल्वेला ठेवावे लागले. गावाच्या नावातच रेल्वे आहे, हे लक्षात घ्यावे. चौथी झाली, पण पुढची सोय लगेच होईना. तेव्हा हा मुलगा पापळला परत आला आणि चौथी उत्तीर्ण असूनही पुन्हा तिसरीच्या वर्गात बसला! त्यानंतर कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि पुढे विलायत, असा त्यांचा प्रवास झाला.

येथे एक धागा जुळतो. फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली निघाले, ते काढणाऱ्यांत आगरकर होते आणि १८९२ पासून १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याचे प्राचार्य होते. शाळेसाठी अकोल्याला आलेल्या मुलाने मोठेपणी जे कॉलेज उभारायला हात लावला, त्यात शिकायला वऱ्हाडचा दुसरा मुलगा पुण्याला गेला. त्याला तरी पुण्याला का जावे लागले? कारण वऱ्हाडात तोवर कॉलेजच नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे नंतरचे विदर्भ महाविद्यालय, १९२३ साली निघाले.

पापळची ती तिसरी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मुलाची बुद्धी तीच, घर तेच. पण पुढचा वर्ग नाही, एवढ्याच कारणाने एक वर्ष मागे. पंजाबरावांचे घर त्यांना बाहेरगावी ठेवू शकले. ज्यांची घरे तसे करू शकली नाहीत, अशा त्यांच्या वर्गमित्रांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

उलटे उत्तर

विलायतेहून १९२६ साली परतल्यावर पंजाबरावांनी अमरावतीत छात्रालय काढले. स्वामी श्रद्धानंदांचे नाव दिलेल्या त्या छात्रालयात सर्व जातींच्या मुलांना प्रवेश होता. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि वऱ्हाडभर तिच्या शाळा व महाविद्यालये पसरली. स्वतः निरक्षर असलेल्या गाडगेबाबांनीही कीर्तनातून तेच सांगितले. जेवायचे ताट मोडा, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. वर्गणी जमवून त्यांनी धर्मशाळांबरोबर वसतिगृहेही उभी केली. अमरावतीत त्यांची समाधी असलेला भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो आणि अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे.

छात्रालयाची कल्पना साधी पण दूरगामी होती. साऱ्या कुटुंबाने बिऱ्हाड हलवायचे नाही, मुलाने तेवढे यायचे. आणि गावाजवळ शाळा निघाली, तर मुलालाही हलायला नको. खोली कुठे पाहावी, या प्रश्नाला त्या पिढीने शाळाच आणावी, असे उत्तर दिले.

परिसरशाळेचा विचार

देशपातळीवर हाच विचार कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मांडला. अध्यक्ष दौलतसिंग कोठारी हे पदार्थवैज्ञानिक, तर सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर भागात काम केलेले शिक्षणतज्ज्ञ. वस्तीतली सर्व मुले, मग ती कोणत्याही जातीची वा आर्थिक स्थितीतली असोत, वस्तीच्याच शाळेत शिकावीत, अशी परिसरशाळेची शिफारस त्यांनी केली. त्यामागचा तर्क असा की खात्यापित्या घरची मुलेही त्याच शाळेत असली, की तिच्याकडे लक्ष देणारे पालक आपोआप मिळतात. शिफारस कागदावरच राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने १ किलोमीटरच्या आत प्राथमिक आणि ३ किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक शाळेची सोय मानली. शाळा जवळ आली, पण सर्वांनी तेथेच जावे असे मात्र घडले नाही.

पत्त्यावरूनच शाळा ठरते तेथे काय होते, ते अमेरिकेत दिसते. तेथे सरकारी शाळांच्या हद्दी आखलेल्या असतात. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञेने बॉस्टनच्या उपनगरांत या हद्दींच्या अल्याड-पल्याडच्या घरांच्या किमती ताडून पाहिल्या. रस्ता तोच, वस्ती तीच, फरक फक्त शाळेचा. परीक्षेतील गुण ५ टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेच्या हद्दीतले घर सुमारे अडीच टक्क्यांनी महाग, असा निष्कर्ष त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. म्हणजे शाळा फुकट, पण तिच्या दारापर्यंतची वाट विकत! आपल्याकडे प्रवेश असा पत्त्याशी बांधलेला नसतो, तरी चांगल्या शाळांजवळची खोली महाग पडते, हे भाडे भरणाऱ्याला सांगायला नको.

निकाल कोणाचा?

आता मूळ प्रश्न असा, की चांगली शाळा ओळखायची कशी? पालक दहावीचा निकाल पाहतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘क’ शाळा पाचवीत निवडक मुले घेते. त्यांची प्रवेशावेळची सरासरी ८५, दहावीत ८७. ‘ख’ शाळा येईल त्याला घेते. प्रवेशावेळची सरासरी ४०, दहावीत ६२. फलक ‘क’ शाळेचा लागेल, पण शाळेने घातलेली भर कोणाची मोठी? अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांनी सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. तेव्हा गुणांतील फरकाचा मोठा भाग इमारतीशी आणि साधनांशी जुळण्याऐवजी घरच्या परिस्थितीशी जुळलेला आढळला. निकाल पाहताना यश शाळेचे किती आणि मुलांनी घरून आणलेले किती, हे वेगळे करायला हवे.

दुसरा हिशेब अंतराचा. मूल रोज जायला ४५ मिनिटे आणि यायला ४५ मिनिटे ऑटोत काढत असेल, तर दिवसाला दीड तास होतो. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात २२० दिवस आणि १००० तास अध्यापन हवे. दीड तास गुणिले २२० म्हणजे ३३० तास. शिकण्याच्या वेळेच्या एक-तृतीयांश वेळ प्रवासात गेला! तोही ज्या गावांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेथे. खेळ, झोप, अवांतर वाचन यांतूनच हे तास कापले जातात. दूरची शाळा जवळच्या शाळेपेक्षा एवढी भरपाई करते का, हे प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावे.

आणि एक उदाहरण अलीकडचे. १९६० साली अमरावतीत जन्मलेले भूषण गवई मे २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांचे प्राथमिक शिक्षण फ्रेजरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत झाले. एका उदाहरणाने सिद्धान्त होत नाही. शिवाय त्यांच्या घरी सार्वजनिक जीवनाचा वारसा होता, म्हणजे कोलमन म्हणतात ते घरचे पाठबळही होतेच. पण खोली पाहायला निघालेल्या पालकाला कोणी फ्रेजरपुरा सुचवला असता का, हे स्वतःला विचारण्यासारखे आहे.

आपण काय सांगावे?

बिऱ्हाड हलवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. आगरकर हलले नसते, तर त्यांचे शिक्षण तेथेच थांबले असते. पण एक घर गाव सोडते, तेव्हा गावच्या शाळेतून केवळ दोन मुले जात नाहीत. मास्तरांना जाब विचारणारा, गळके छप्पर दाखवून देणारा एक पालकही जातो. अशी घरे गेली की पट घटतो, पट घटला की वर्ग एकत्र होतात आणि मग उरलेल्यांनाही जावेसे वाटते. पापळच्या मुलाला चौथीचा वर्ग कधी उघडला नव्हता म्हणून हलावे लागले. आजच्या खेड्यातल्या मुलाला उघडलेला वर्ग बंद पडतो म्हणून हलावे लागेल.

जूनमध्ये वर्ग सुरू झाल्यावर एक उपक्रम करून पाहावा. प्रत्येक मुलाने घरी विचारून यावे, की आजोबा, आजी, आई, बाबा कितवीपर्यंत शिकले, कोणत्या गावी, आणि पुढचा वर्ग किती अंतरावर होता. ते सारे एका नकाशावर मांडावे. आजीची रेघ बहुधा सर्वांत आखूड निघेल. तिच्यापुढची शाळा किती लांब होती आणि तिला तेथे का पाठवले नाही, हेही मुलांना विचारू द्यावे.

पुढच्या मे महिन्यात कोणी खोलीचा भाग विचारला, तर नाव सांगण्याआधी आपणही त्याला विचारावे, की तुमच्या घराजवळच्या शाळेत तुम्ही एकदा तरी जाऊन बसला आहात का?