हापूसचे साल आणि मद्रासचा नीलम

कोकणातील बागाइतदाराला पिकाविषयी विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते : 'यंदा आंब्याचे साल नाही.' या चार शब्दांत खंत असते, पण आश्चर्य नसते. एका वर्षी झाड फळांनी वाकावे आणि दुसऱ्या वर्षी त्याच झाडाने मोहराकडे पाठ फिरवावी, हा अनुभव फार जुना आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'ऐन-ई-अकबरी' लिहिली, तीतही त्याने नोंदवून ठेवले आहे की काही आंबे एका वर्षी भरभरून येतात व पुढच्या वर्षी कमी देतात, तर काही एखादे वर्ष अगदी रिते जाऊ देतात.

ही खोड आंब्याचीच आहे असे मात्र नाही. थंड प्रदेशातील सफरचंद आणि नासपती यांनाही ती आहे. सफरचंदाच्या झाडावर पुढील वर्षाच्या फुलांचे डोळे चालू वर्षाची फळे वाढत असतानाच तयार होऊ लागतात. फळांतील कोवळ्या बियांतून जिबरेलिन नावाची द्रव्ये निघतात, आणि ती या डोळ्यांना फूल होऊ देत नाहीत. म्हणून फळे अतोनात लागली की पुढचे वर्ष बुडालेच. यावर तिकडच्या बागवानांनी विरळणीचा उपाय शोधला. बहराच्या वर्षी काही फुले व कोवळी फळे आधीच उतरवावयाची, प्रथम हातांनी आणि विसाव्या शतकात औषधांच्या फवाऱ्याने. आजच्या लाभातील थोडा भाग सोडावा, म्हणजे उद्याचा पदरात पडतो, असा हा व्यवहार आहे.

आंब्याला हा उपाय तितकासा मानवला नाही. आंब्याचा मोहर येतो तो पक्व झालेल्या डहाळीच्या शेंड्यावर. उन्हाळ्यात फळांचा भार वाहून थकलेल्या झाडाला वेळेवर नवी पालवी फुटत नाही; फुटली तरी हिवाळ्यापर्यंत ती जून होत नाही; आणि कोवळ्या डहाळीवर मोहर धरत नाही. एवढ्या मोठ्या वृक्षावर चढून मोहर खुडणे जिकिरीचे, आणि खुडूनही पुढील वर्षाची हमी नाही. फिलिपाइन्समध्ये झाडाखाली दिवसचे दिवस धूर करून मोहर आणीत. आपल्याकडे तो प्रयोग साधला नाही.

हापूसच्या बाबतीत या खोडीला आणखी एक कारण जडले. हे नाव पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्क याच्यावरून आले असे मानतात, आणि पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात आंब्यावर कलम बांधण्याची विद्या रुजली. कलमाने चव टिकली, रंग टिकला, गंध टिकला. परंतु कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी. गुणांबरोबर स्वभावही तसाच उतरणार. रत्नागिरीपासून देवगडपर्यंत लाखो कलमे एकाच वृत्तीची झाली. त्यात एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस, ढगाळ हवा किंवा तुडतुडे यांनी सर्वांचाच मोहर एकदम गळाला, की साऱ्या मुलखाचे पाऊल एकाच तालात पडू लागते.

या तालावर घरे चालतात हे विसरता कामा नये. खत, राखण आणि फवारणी यांचा खर्च दर वर्षी येतो. उत्पन्न मात्र येईलच असे नाही. रित्या सालात दलालाकडून उचल घ्यावयाची आणि भरल्या सालात, सर्वांचाच आंबा एकदम बाजारात येऊन भाव पडलेला असताना, ती फेडावयाची. झाडाने वर्षाची विश्रांती घेतली तरी कर्जाला विश्रांती नसते.

या कोड्याची एक किल्ली दक्षिणेत होती. चेन्नईच्या, म्हणजे पूर्वीच्या मद्रासच्या, बाजारात इतर जाती ओसरू लागल्या की जून-जुलैत नीलम येतो. फळ लहानसे, टिकाऊ, गोड. थाट असा काही नाही. हापूसच्या तोलाचा कोणी त्याला म्हणणार नाही. पण नीलमचे झाड वर्षानुवर्षे न चुकता फळते, आणि भरपूर फळते. जुन्या मद्रास इलाख्यात कडप्पा जिल्ह्यातील कोडूर येथे १९३५ साली फळ संशोधन केंद्र निघाले. तेथे झालेल्या संकरांपैकी नीलुद्दीन आणि नीलगोवा यांच्या नावांतच नीलमचे मातृकुळ उमटले आहे. के. सी. नाईक यांचा दक्षिण भारतातील फळांवरील ग्रंथ १९४९ साली मद्रासलाच प्रसिद्ध झाला.

आंब्याचा संकर करण्याचा पहिला पद्धतशीर यत्न त्यापूर्वी, १९११ साली, पुण्यात बर्न्स आणि प्रयाग यांनी केला होता. काम मोठे चिकाटीचे. एका मोहरात हजारो फुले. त्यांत बहुसंख्य नर. फळ धरणारी फुले अगदी थोडी. आणि त्यांतूनही हाती राहिलेली एखादी कोय रुजवून तिला फळ येण्याची वाट वर्षानुवर्षे पाहावयाची. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने नीलम आणि उत्तरेचा दशहरी यांचा मेळ घालून सत्तरच्या दशकात मल्लिका व आम्रपाली या जाती दिल्या. पुढे १९८१ साली कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील केंद्रातून रत्ना ही जात बाहेर पडली. तिची माता नीलम आणि पिता हापूस. ती दर वर्षी फळते, आणि हापूसच्या गरात होणारा साका तिच्यात नसतो. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली सिंधू आली. तिची कोय अगदी पातळ असते.

तरीही कोकणच्या टेकड्यांवर आज हापूसच उभा आहे. ग्राहकाला नाव हवे असते, आणि नाव एका पिढीत बदलत नाही. त्यामुळे बागाइतदाराने दुसरी वाट धरली. पॅक्लोब्युट्राझोल हे द्रव्य झाडातील जिबरेलिन रोखते, पालवीचा जोर आवरते आणि मोहर आणते. दापोलीच्या विद्यापीठाने त्याचे प्रयोग करून प्रमाण ठरवून दिले : पावसाळ्याच्या मध्यास, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासामागे पाऊण ग्रॅम द्रव्य मुळांशी द्यावयाचे. त्याने रिते साल पुष्कळ अंशी भरून निघाले. पण जे झाड दर वर्षी फळावयाचे, त्याला दर वर्षी तितके खतही हवे. ज्याने बाग दोन-चार वर्षांच्या कराराने घेतली, त्याला मात्रा वाढविण्याचा मोह होतो. त्याची मुदत संपते, झाड मात्र पन्नास वर्षे तेथेच राहावयाचे असते.

तेव्हा मार्ग दोन दिसतात. एक झाडाला दर साली राबविण्याचा, दुसरा मुळातच राबणारे झाड घडविण्याचा. पहिल्याचे फळ पुढच्याच हंगामात दिसते; दुसऱ्याला एका माणसाचे आयुष्यही अपुरे पडते. म्हणून पहिल्याची दुकाने आहेत आणि दुसऱ्याची केवळ संशोधन केंद्रे. परंतु या शतकाच्या इतिहासात जो लाभ टिकला, तो दुसऱ्या मार्गाने आलेला आहे. हापूसला रसिक पुष्कळ मिळाले. त्याच्या संततीला नेमस्तपणा शिकविला तो मद्रासकडच्या या साध्या आंब्याने. जूनअखेर पुण्या-मुंबईच्या बाजारात नीलम दिसला, तर उरल्यासुरल्या हंगामातील फळ म्हणून त्याच्याकडे पाहू नये. रत्ना आणि सिंधू यांच्या रूपाने कोकणाशी त्याचे नाते जुळले आहे, आणि ते नाते कोकणच्या उपयोगाचे आहे.