कार्बोरेटर स्पेसर

कार्बोरेटर आणि इंजिनाचा हेड किंवा मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारी, मधोमध भोक असलेली जाड चकती. ती बहुधा बेकलाइटची असते. हेडची उष्णता कार्बोरेटरपर्यंत पोहोचू न देणे आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची वाट थोडी लांबवणे, ही तिची दोन कामे.

जळगाव-धुळ्याकडे पहिलेच काम मोलाचे. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पेट्रोलमधले हलके घटक तर ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. गाडी धावत असताना वारा आणि टाकीतून येणारे ताजे पेट्रोल कार्बोरेटरला थंड ठेवतात. खरी पंचाईत गाडी थांबल्यावर होते. दुपारी बाजारात दहा-पंधरा मिनिटे उन्हात उभी केली, की हेडची धग वर चढते, फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळून इनटेकमध्ये उतरते आणि कितीही किका मारल्या तरी इंजिन दाद देत नाही. अशा वेळी चोक मुळीच ओढू नये. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारावी. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरच्या काळी चालक फ्युएल पंपावर ओले फडके टाकत. तो त्रास मात्र पंपात वाफ अडकल्याचा. कार्बोरेटरखालच्या स्पेसरने तो जात नाही.

ताकदीबाबतचे दावे जपून घ्यावेत. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. ती तूट स्पेसर भरून काढत नाही; हेडच्या धगीने तीत पडणारी भर तेवढी रोखतो. शर्यतीच्या मोठ्या इंजिनांत जाड स्पेसरने टॉर्क वरखाली सरकवता येतो, पण १०० सीसीच्या गाडीत तो फरक हाताला जाणवण्याइतकाही नसतो. अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर तर खानदेशात घेऊच नये, कारण तो उष्णता अडवण्याऐवजी पुढे पोचवतो.

बोल्ट जास्त आवळल्याने बेकलाइट वाकले किंवा ओ-रिंग कडक झाली, की सांध्यातून हवा शिरते. मिश्रण पातळ होते, आयडलिंग वरखाली होते, इंजिन जास्त तापते. सांध्यावर साबणाचे पाणी सोडताच आवाज बदलला, तर दोष तिथेच आहे.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांमुळे बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. जुनी कार्बोरेटरची गाडी असलेल्यांनी उन्हाळा लागण्यापूर्वी चकती आणि ओ-रिंग तपासून घ्यावी.