गाठोडं बांधणाऱ्यांची गोष्ट

संगणकाच्या जगातल्या काही शब्दांचं वय त्यांच्या नावावरूनच कळतं. 'टार' हा त्यांतला एक. डांबराला इंग्रजीत हाच शब्द आहे, पण या टारचा डांबराशी काही संबंध नाही. 'टेप' म्हणजे चुंबकीय फीत आणि 'अर्काइव्ह' म्हणजे दफ्तर, या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांचा तो जोड आहे. आज टार वापरणाऱ्या बहुतेकांनी फितीचं रीळ डोळ्यांनी पाहिलेलंही नसेल. तरी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून काम करणारी मंडळी दिवसातून चार वेळा हे नाव घेतात.

१९७९च्या जानेवारीत बेल प्रयोगशाळेतून युनिक्स प्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यासोबत टार आला. त्याचं काम साधं होतं: अनेक फाइली घ्यायच्या आणि एकामागोमाग एक लावून त्यांची एकच लांबलचक फाइल करायची. आपल्याकडे पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात, तसंच काहीसं. रुमालात बांधल्याने कागद लहान होत नाही, फक्त एका फडक्यात येतो. टारही फाइली दाबून लहान करत नाही, नुसत्या बांधतो. पुढच्या गोष्टीसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

गाठोडं बांधण्याची रीत अशी. प्रत्येक फाइलीच्या आधी ५१२ बाइटचा एक मथळा. त्यात फाइलीचं नाव, मालक, तारीख, आकार. मग फाइलीतला मजकूर, तोही ५१२च्या पटीत, उरलेली जागा शून्यांनी भरलेली. मग पुढच्या फाइलीचा मथळा. सगळ्यात शेवटी शून्यांचे दोन खण, की गाठोडं संपलं. अनुक्रमणिका नाही. शंभरावी फाइल हवी असेल तर आधीच्या नव्याण्णव ओलांडून जायचं. फितीवर दुसरं काय करणार? रीळ फिरवत फिरवतच पुढे जावं लागे.

फितीची आणखी एक खोड होती. प्रत्येक नोंदीनंतर थोडी फीत कोरी सोडावी लागे, नाहीतर यंत्राला थांबायला आणि पुन्हा सुरू व्हायला वाव मिळत नसे. इंचाला १६०० बाइट मावणाऱ्या फितीवर ही कोरी जागा सुमारे ०.६ इंचाची असे. म्हणजे ५१२ बाइटच्या एका खणाला लागे ०.३२ इंच आणि त्यापुढे जवळजवळ दुप्पट फीत वाया. यावर उपाय म्हणून वीस खण एकत्र करून एका दमात लिहायची प्रथा पडली. आता गंमत पाहा. आज एखाद्या लिनक्स संगणकावर एका ओळीची फाइल टारमध्ये बांधा, गाठोडं भरतं १०,२४० बाइटचं. वीस गुणिले ५१२. फीत गेली, रीळ गेलं, पण वाया जाणाऱ्या फितीची काळजी मागे उरली.

मथळ्यातले आकडे टार यंत्राच्या खास भाषेत न लिहिता साध्या अक्षरांत लिहितो, तेही अष्टमान पद्धतीने. त्यामुळे एका बनावटीच्या संगणकावर बांधलेलं गाठोडं दुसऱ्या बनावटीच्या संगणकावर सोडता येई. फाइलीच्या आकारासाठी अकरा अष्टमान आकडे ठेवले होते, म्हणजे मर्यादा आठ गिगाबाइट. १९७९ साली ही मर्यादा कोणाला आड येईल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसणार. नावासाठी जागा १०० बाइटची. इंग्रजीला ती पुरेशी होती. पण युनिकोडच्या आज रूढ असलेल्या मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, तीन बाइट खातं. म्हणजे मराठी नावाला त्यात जेमतेम ३३ चिन्हांची जागा. एखाद्या दिवाळी अंकाच्या लेखाचं शीर्षकही मावायचं नाही. या दोन्ही अडचणींवर नंतर तोडगे निघाले. २००१च्या प्रमाण मसुद्याने वाढीव मथळ्यांची सोय केली.

टारला सांगायच्या आज्ञाही त्या काळासारख्याच तुटक. 'सी' म्हणजे बांध, 'एक्स' म्हणजे सोड, 'टी' म्हणजे आत काय आहे त्याची यादी दाखव. 'एफ' म्हणजे मी देतो त्या नावाच्या फाइलीत. हे अक्षर विसरलं, तर मूळ टार थेट फितीच्या यंत्राकडे धाव घेई. एफनंतर गाठोड्याचं नाव द्यायचं राहिलं आणि पहिल्याच फाइलीचं नाव तिथे पडलं, तर टार मुकाट्याने त्या फाइलीवरच गाठोडं लिहितो. जुना मजकूर गेला तो गेला. त्याला 'खात्री आहे का' असं विचारायची सवय नाही. दुसऱ्याने पाठवलेलं गाठोडं सोडण्याआधी 'टी' वापरून आत डोकवावं हेही तितकंच खरं. नाहीतर शेकडो फाइली तुमच्या चालू कामाच्या जागेत विखुरतात आणि त्या वेचण्यात दुपार जाते.

बांधणं झालं. आता दाबणं. याचं मूळ १९७७ आणि १९७८ साली हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह यांनी लिहिलेल्या दोन निबंधांत आहे. कल्पना सोपी आहे. एखाद्या मतदारयादीत तालुक्याचं नाव प्रत्येक ओळीत येतं. ते दर वेळी पुरतं लिहिण्याऐवजी 'इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी उचल' एवढंच लिहिलं तर? पुनरुक्ती जितकी जास्त तितकी बचत मोठी. त्याच्या जोडीला डेव्हिड हफमन यांची १९५२ साली प्रसिद्ध झालेली युक्ती: वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. हफमन यांनी ती एमआयटीत विद्यार्थी असताना शोधली, परीक्षेऐवजी निबंध लिहायची मुभा होती म्हणून.

या विद्वत्तेला बाजारात आणलं ते टेलिफोनच्या बिलाने. १९८०च्या दशकात अमेरिकेत हौशी लोक घरच्या फोनला मोडेम जोडून 'बुलेटिन बोर्ड'वर जात आणि तिथल्या आज्ञावल्या उतरवून घेत. सेकंदाला २४०० बिटचा मोडेम म्हणजे चांगला वेग. एका ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीचा ऐवज आणायला तरी पंचवीस मिनिटं लागत. फाइल निम्मी झाली की वेळ निम्मा, आणि लांबचा कॉल असेल तर पैसेही निम्मे. न्यू जर्सीच्या थॉम हेंडरसन यांच्या छोट्या कंपनीने १९८५ साली 'आर्क' नावाची आज्ञावली काढली. ती बांधायची आणि दाबायची, दोन्ही कामं एकदम करी. बोर्डावरच्या लोकांनी ती उचलून धरली. हेंडरसन यांनी तिचा मूळ मजकूरही वाचायला खुला ठेवला होता.

तो मजकूर वाचणाऱ्यांत मिलवॉकीचा फिल कॅट्झ होता. वय विशीतलं, स्वभाव एकलकोंडा, हात मात्र विलक्षण. त्याने तेच काम करणारी आज्ञावली यंत्राच्या अगदी जवळच्या असेंब्ली भाषेत उतरवली आणि ती मूळ आर्कपेक्षा कितीतरी वेगाने धावू लागली. १९८६ साली आईच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची कंपनी सुरू झाली. १९८८ साली हेंडरसन कोर्टात गेले. तज्ज्ञाने दोन्ही आज्ञावल्या ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांतल्या टिपा शुद्धलेखनाच्या चुकांसकट सारख्या निघाल्या. त्याच वर्षी तडजोड झाली आणि कॅट्झला आर्कच्या वाटेवरून बाजूला व्हावं लागलं.

कायद्याने जिंकलेले हेंडरसन लोकांत मात्र हरले. धडपड्या पोराला कंपनी चिरडते आहे, असं चित्र बोर्डाबोर्डांवर रंगवलं गेलं. वस्तुतः त्यांचीही कंपनी छोटीच होती. लोकांनी आर्कवर बहिष्कार घातला. कॅट्झने १९८९च्या सुरुवातीला नवी रचना आणली, 'झिप'. झटपट, या अर्थाचं ते नाव एका मित्राने सुचवलं होतं. आणि त्या रचनेचा संपूर्ण तपशील त्याने जाहीर करून टाकला: कोणीही वापरा. झिप जगभर गेलं ते याच्याच बळावर. मला वाटतं, या भांडणात न्याय हेंडरसन यांच्या बाजूला होता आणि शहाणपण कॅट्झच्या. कॅट्झला नायक ठरवणाऱ्या लेखांत पहिली गोष्ट सहसा गाळलेली असते. २००५ साली आलेल्या जेसन स्कॉट यांच्या बुलेटिन बोर्डांवरील माहितीपटात हेंडरसन यांची बाजू ऐकायला मिळते. ती ऐकल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

झिपची रचना टारच्या उलट आहे. प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली आणि अनुक्रमणिका गाठोड्याच्या शेवटी. म्हणून अनेक फ्लॉप्यांवर विभागलेलं झिप उघडताना संगणक आधी शेवटची फ्लॉपी मागे. म्हणूनच अर्धवट उतरलेलं झिप उघडायला गेलं की रडतं, त्याला यादीच सापडत नाही. कॅट्झने पुढे 'डिफ्लेट' ही दाबण्याची नवी पद्धत आणली, लेंपेल-झिव्ह आणि हफमन यांची सांगड घालणारी.

इकडे युनिक्सवाले अडचणीत होते. त्यांची दाबण्याची जुनी आज्ञा ज्या पद्धतीवर चाले, तिचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. १९९२ साली जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी 'जीझिप' लिहिलं, आणि त्यात वापरली ती कॅट्झचीच खुली डिफ्लेट पद्धत. टारने बांधायचं, जीझिपने दाबायचं, अशी जोडी जमली ती आजतागायत.

कॅट्झला हे यश सोसलं नाही. दारूने त्याला पुरतं वेढलं. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या एका हॉटेलात तो मृतावस्थेत सापडला. वय ३७. आजही कुठल्याही झिपची पहिली दोन अक्षरं 'पी' आणि 'के' असतात, त्याच्या नावाची आद्याक्षरं. वर्डची आजची फाइल, ई-पुस्तक, अँड्रॉइड फोनवरचं ॲप ही सगळी आतून झिपच असल्यामुळे तीही याच दोन अक्षरांनी सुरू होतात.

टारची गाठोडी पुढे मुक्त सॉफ्टवेअर वाटण्याचं मुख्य साधन झाली आणि तिथेच एक मोठा घात होता होता राहिला. जीझिपहून घट्ट दाबणारं 'एक्सझी' हे साधन फिनलंडचे लासे कॉलिन जवळजवळ एकट्याने, फावल्या वेळात सांभाळत. 'जिआ टॅन' असं नाव घेतलेल्या कोणीतरी २०२१पासून मदत करत करत त्यांचा विश्वास मिळवला आणि २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन आवृत्त्या स्वतः काढल्या. इंटरनेटवर सगळ्यांना दिसणाऱ्या कोठारात चोरदाराचे तुकडे होते, पण चाचणीच्या फाइली म्हणून, निरुपद्रवी दिसणारे. ते जोडून जिवंत करणारी ओळ फक्त टारच्या गाठोड्यात घातलेली होती. कोठार वाचणाऱ्याला ती दिसणारच नव्हती, आणि गाठोडं सोडून ते कोठाराशी ताडून पाहायला कोणाला वेळ होता?

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंता दुसऱ्याच कामात होते. दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. त्यांनी धागा उसवत नेला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं जाहीर केलं. लिनक्सच्या वितरकांनी घाईघाईने जुन्या आवृत्त्या परत बसवल्या. मे महिन्याच्या अखेरीस कॉलिन यांनी चोरदार काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली, या वेळी स्वतःच्या सहीने.