चित्रांतले शिवराय तुळजापुरांत

लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांतील एखादें पात्र बरोबर घ्यावें आणि त्याला आपला गांव हिंडवून दाखवावा, असा एक खेळ परदेशांतील शाळांत खेळला जातो. त्याचा उगम मोठा गमतीचा आहे. जेफ ब्राऊन या अमेरिकन लेखकाचें ‘फ्लॅट स्टॅन्ली’ हें पुस्तक १९६४ सालीं प्रसिद्ध झालें. अंगावर एक भला मोठा फलक पडून स्टॅन्ली नांवाचा मुलगा कागदासारखा चपटा होतो; मग त्याला पाकिटांत घालून टपालानें दूरच्या मित्रांकडे पाठवितां येतें. कॅनडांतील डेल ह्यूबर्ट या शिक्षकानें १९९५ सालीं ही कल्पना वर्गांत उतरविली. मुलांनीं कागदाचा स्टॅन्ली कातरून परगांवीं धाडावा, आणि तेथल्या यजमानानें त्याला गांवांतून फिरवून, त्यानें काय काय पाहिलें तें उलट टपालीं कळवावें, अशी ती योजना.

खेळ पोरकट दिसतो खरा. परंतु इतिहासाच्या शिक्षणाची एक किल्ली त्यांत दडलेली आहे. पाहुण्याला गांव दाखवावयाचा म्हटलें कीं यजमानाला तो आधीं स्वतः पाहावा लागतो. रोज ज्या वेशींतून जावयाचें ती कोणी बांधली, ज्या कुंडाचें पाणी भरावयाचें त्याला हें नांव कां पडलें, हे प्रश्न एरवीं कोणाच्या मनांत येत नाहींत. पाहुणा विचारतो, आणि यजमान गडबडतो. त्या गडबडीपासूनच अभ्यासाला आरंभ होतो.

महाराष्ट्राला ही रीत अगदींच परकी नाहीं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतांतील पात्रें कागदावर रंगवीत आणि चित्रांच्या त्या पोथ्या घेऊन गांवोगांव कथा सांगत. तुळजापुराला तर कथेंतलें पात्र दीड शतकापूर्वींच लाभलें. १८५३ नंतर कांहीं वर्षें नळदुर्ग भागाचा कारभार पाहणारे इंग्रज अधिकारी मेडोज टेलर यांनीं १८६३ सालीं ‘तारा’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका तुळजापुरच्या एका शास्त्र्याची कन्या, आणि काळ अफझलखानाच्या स्वारीचा. परंतु मराठी मुलानें आपल्या मनानें एखादें पात्र निवडावयाचें झाल्यास तो ना स्टॅन्लीला निवडील, ना तारेला. त्याच्या डोळ्यांपुढें शिवराय उभे राहतील. १९७० पासून चौथीच्या वर्गांत मुलांच्या हातीं शिवचरित्र आलें. त्याही आधीं, १८७८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या चित्रशाळेपासून पुढें, छापील चित्रें घरोघरच्या भिंतींवर पोहोंचलीं होतीं. त्या परंपरेंतलें एक चित्र तर सर्वांच्या परिचयाचें आहे. महाराज गुडघे टेकून बसले आहेत, समोर तुळजाभवानी प्रकट झाली आहे, आणि ती आपल्या हातानें त्यांना तलवार देत आहे. त्या चित्रांतल्या शिवरायांना अलगद उचलून तुळजापुरांत आणिलें, तर त्यांना कोणतें स्थळ ओळखूं येईल?

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरांत, सोलापुराहून सुमारें ४५ किलोमीटरांवर, धाराशिव जिल्ह्यांत आहे. बहुतेक देवस्थानांत भाविकाला पायऱ्या चढून वर जावें लागतें. येथें मात्र पायऱ्या उतरून खालीं जावयाचें असतें, कारण देऊळ डोंगराच्या उताराशीं, खोलगट जागीं वसलें आहे. महाद्वाराशींच चित्रांतले पाहुणे क्षणभर थबकतील. एका दरवाजाला राजे शहाजींचें नांव, दुसऱ्याला राजमाता जिजाऊंचें! आईबापांचीं नांवें वाचून पाहुण्यांना धन्य वाटेल. परंतु बरोबरच्या मुलाला येथेंच पहिला धडा द्यावा. दारावरचें नांव हें स्मृतीचें असतें. तेवढ्यावरून बांधणाऱ्याचा किंवा बांधकामाच्या काळाचा निर्णय करूं नये. नांव कोणी दिलें आणि केव्हां दिलें, हा निराळा प्रश्न आहे.

पायऱ्या उतरतांना कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागतात. हातपाय धुऊन पुढें गेलें कीं निंबाळकरांच्या नांवाचा दरवाजा येतो, आणि त्यांतून देवळाच्या अंगणांत प्रवेश होतो. देवळाच्या मागल्या अंगाला चिंतामणि नांवाचा एक वाटोळा दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनांत प्रश्न धरावयाचा. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, अशी श्रद्धा. महाराज मोहिमेपूर्वीं येथें कौल लावीत अशी आख्यायिका सांगतात. येथें दुसरा धडा. आख्यायिका खोटी म्हणून फेकावयाची नसते आणि खरी म्हणून गिळावयाचीही नसते. लोकांना आपला राजा आपल्या देवीला विचारून पाऊल टाकणारा हवा होता, एवढें ती निश्चित सांगते.

आतां गाभाऱ्यांत जावें. देवीची मूर्ति काळ्या पाषाणाची, अष्टभुजा, महिषासुराचा वध करणारी. तिच्या आठ हातांचें जें वर्णन परंपरेनें चालत आलें आहे त्यांत त्रिशूळ, बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य आणि पानपात्र आहे, आणि आठव्या हातीं दैत्याची शेंडी आहे. चित्र पाहून आलेला मुलगा येथें गोंधळून विचारील, “पण गुरुजी, तलवार कोठें आहे?” प्रश्न अगदीं मर्माचा आहे. ज्या तलवारीमुळें ही देवी चित्रांतून घराघरांत पोहोंचली, ती त्या वर्णनांत नाहीं. ती चित्रकारांनीं कथेंतून घेतली. मग त्या कथेमागें इतिहास कोणता?

१६५९ सालीं विजापूर दरबाराचा सरदार अफझलखान महाराजांवर चालून निघाला. कृष्णाजी अनंत सभासद यांनीं राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें जी बखर लिहिली, तिच्यांत खान तुळजापुरास आला आणि त्यानें भवानीला उपद्रव दिला असें सांगितलें आहे. बखरीप्रमाणें मूर्तीचा भंग झाला. गांवांत मात्र असें सांगतात कीं पुजाऱ्यांनीं मूर्ति आधींच हलवून सुरक्षित ठेविली होती. पुढें १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं खानाचा वध झाला.

परंतु खान पडला म्हणून तुळजापूर मोकळें झालें नाहीं. हा मुलूख नळदुर्गाच्या आसऱ्याचा, आणि तो किल्ला आधीं आदिलशाहीच्या व नंतर मोगलांच्या हातीं होता. ३ एप्रिल १६८० रोजीं महाराजांनीं देह ठेविला, तोंवर ही भूमि स्वराज्यांत स्थिरावली नव्हती. ज्या देवीला भोसल्यांचें घराणें कुलस्वामिनी म्हणून पूजीत होतें, तिचें मूळ ठाणें राजाच्या सत्तेबाहेर होतें, ही गोष्ट चित्र पाहतांना कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. महाराजांनीं १६६१ सालीं प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. त्या मूर्तीचा पाषाण गंडकी नदीचा. तुळजापुरास वारंवार जाणें होईना म्हणून ही स्थापना केली, असें तिचें कारण सांगतात. देवीनें राजाच्या हातीं पोलादाचें पातें दिलें कीं नाहीं, याचा वाद घालीत बसण्यापेक्षां हें कारण मुलांना समजावून सांगणें अधिक मोलाचें आहे. कुलस्वामिनीच्या दर्शनाची वाट शत्रूच्या मुलुखांतून जाते, ही सल ज्या राजाच्या मनांत होती, त्याचें दुःख त्या तलवारीच्या चित्रांत दिसत नाहीं. प्रतापगडच्या देवळांत दिसतें.

तुळजापूरनेंही वाट दीर्घकाळ पाहिली. पुढें हा भाग निजामाच्या राज्यांत गेला. १८५३ ते १८६० हीं कांहीं वर्षें इंग्रजांच्या कारभाराखालीं राहून पुन्हां निजामाकडे आला, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानाबरोबर स्वतंत्र भारतांत आला.

मग चित्रांतल्या पाहुण्यांना येथें काहींच ओळखीचें नाहीं काय? आहे, पण त्यासाठीं त्यांना नवरात्रांत आणिलें पाहिजे. त्या दिवसांत देवीच्या निरनिराळ्या अलंकारपूजा मांडतात. कधीं ती रथांत बसते, कधीं मुरलीधराचें रूप घेते, कधीं शेषशायी होते. एके दिवशीं ‘भवानी तलवार’ अलंकारपूजा असते, आणि त्या दिवशीं देवी शिवरायांना तलवार देत असल्याचा देखावा साक्षात् तिच्यापुढें उभा राहतो. मूर्तीच्या परंपरागत वर्णनांत नसलेली तलवार गांवानें भक्तीनें तिच्या हातीं दिली आहे. भिंतीवरचें चित्र, पुस्तकांतलें चित्र आणि गाभाऱ्यांतली पूजा येथें एकत्र येतात. चित्रांतल्या शिवरायांना आपली जागा येथें मिळते.

या गांवाला फिरत्या मूर्तीचें अप्रूपही वाटत नाहीं, कारण तुळजाभवानीची मूर्ति स्वतःच चल आहे. वर्षांतून ठराविक वेळीं ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजविली जाते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जवळच्या बुऱ्हाणनगराहून पालखी येते आणि पुणे जिल्ह्यांतील घोडेगावाहून पलंग येतो. लुगड्यांत लपेटलेल्या देवीला त्या पालखींत बसवून देवळाभोंवतीं मिरवितात, आणि मग ती पौर्णिमेपर्यंत पलंगावर विसांवा घेते. पालखी एका गांवची, पलंग दुसऱ्या गांवचा, आणि देवी तिसऱ्या गांवची! एका मिरवणुकींत महाराष्ट्राचे तीन जिल्हे बांधले जातात. कोणत्या रस्त्यानें हीं माणसें येतात, कोणत्या घराण्याकडे कोणता मान आहे, वाटेंत कोणतीं गांवें त्यांचें स्वागत करितात, एवढें जरी मुलांनीं विचारून लिहून काढिलें, तरी भूगोल आणि समाजाचा इतिहास दोन्ही हातीं लागतील.

शिक्षकांनीं आणि आईबापांनीं हा खेळ अवश्य करून पाहावा. त्यास खर्च नाहीं. एक जाड कागद, कातर आणि रंग पुरेत. मुलांनीं शिवरायांचें चित्र काढावें, गांवांत न्यावें, आणि प्रत्येक ठिकाणीं तीन प्रश्न विचारावे: ही वस्तु महाराजांच्या काळीं होती काय? नसल्यास कोणी व केव्हां आणिली? आणि आणणाऱ्याला ती येथें कां हवी होती? पहिल्या प्रश्नानें मुलाला पुरावा पाहण्याची संवय लागते. तिसऱ्या प्रश्नानें माणसांचीं मनें कळूं लागतात. केवळ पहिला प्रश्न विचारणारा मुलगा चित्र फाडून टाकील. केवळ तिसरा विचारणारा चित्रालाच इतिहास समजेल. दोन्ही विचारणारा मात्र चित्रही जपेल आणि सत्यही.

सभासदाच्या बखरींत दुःख आहे, प्रतापगडच्या पाषाणांत त्या दुःखावरचा उपाय आहे, आणि तुळजापुरच्या अलंकारपूजेंत लोकांनीं मागाहून जोडलेला आनंद आहे. राजाला तुळजापूर दूर पडलें, म्हणून देवी प्रतापगडावर गेली. आतां दर नवरात्रांत चित्राच्या रूपानें राजा तुळजापुरास येतो, आणि त्याला वाटेंत कोणी अडवीत नाहीं.