बर्फ नसलेल्या गावातला डिफ्रॉस्टर

१/ ठाण्याच्या बाळकुम नाक्यावरून कशेळी पुलाकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रोडवर बर्फ पडत नाही. तरीही त्या रस्त्यावरच्या बहुतेक मोटारींत बर्फ वितळवण्यासाठी जन्मलेली एक यंत्रणा असते : समोरच्या काचेवर हवा सोडणारा डिफ्रॉस्टर. थंड देशांतली ही वस्तू खाडीकाठच्या दमट हवेत कशी पोहोचली आणि येथे तिचे काम कसे बदलले, त्याविषयी हा धागा.

२/ आरंभ काचेच्या बाहेरच्या बाजूने झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या होत्या. हिमवृष्टीत रस्ता दिसावा म्हणून ट्रामचालक पुढची काच उघडून गारठत गाडी हाकत असल्याचे त्यांनी पाहिले. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना आतून दांड्याने फिरवायच्या वायपरचे पेटंट मिळाले. मात्र वायपर फक्त बाहेरची बाजू पुसतो. पुढे बंदिस्त मोटारी रूढ झाल्या आणि प्रवाशांच्या श्वासातली वाफ आतल्या बाजूने काचेवर जमू लागली.

३/ उत्तर इंजिनातच होते. इंजिन थंड ठेवणारे पाणी स्वतः तापते. ते एका छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरवायचे आणि त्यावरून पंख्याने हवा सोडायची. १९३८ च्या सुमारास अमेरिकेतील नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत घेणारी रचना आणली. १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना काच स्वच्छ ठेवणारी यंत्रणा कायद्याने बंधनकारक झाली.

४/ मुंबईची वाट निराळी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट घराण्यातल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७४ पासून पद्मिनी हे नाव घेतलेल्या गाडीच्या पुढच्या दारांना त्रिकोणी झडप-काचा होत्या. पावसाळ्यात त्या थोड्या तिरप्या केल्या की आतली दमट हवा बाहेर जाई. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा डिमिस्टर म्हणजे ही झडप आणि चालकाच्या हातातले फडके.

५/ तिसरा उपाय होता तंबाखू. ओली तंबाखू किंवा कापलेला बटाटा काचेवर चोळण्याची चालकांची रीत सर्वपरिचित आहे. काचेवर राहणाऱ्या पातळ लेपामुळे पाण्याचे सुटे थेंब होत नाहीत, त्याचा सलग पडदा पसरतो आणि त्यातून आरपार दिसते. विद्या पुस्तकातली नव्हती, पण पक्की होती.

६/ पुढे वातानुकूलन आले. अमेरिकेत पॅकार्डने ते १९४० च्या मॉडेलांत दिले. भारतात मारुती ८०० (डिसेंबर १९८३) नंतरच्या दशकांत ते हळूहळू मध्यमवर्गापर्यंत उतरले. ठाणे जिल्ह्याचाही यात वाटा आहे : नव्वदच्या दशकात प्रीमियरच्या कल्याण-डोंबिवली परिसरातल्या कारखान्यात युरोपच्या हिवाळ्यासाठी आखलेली प्युजो ३०९ तयार होत असे.

७/ एसीने डिफ्रॉस्टरचा अर्थच पालटला. एसीच्या थंड नळ्यांवर हवेतले पाणी साचून गाडीखाली ठिबकते, म्हणजे एसी हवा कोरडी करतो. बर्फाच्या देशात काच उष्णतेने मोकळी होते. कोकणात ती मुख्यतः कोरड्या हवेने होते. जुलैमध्ये ‘गार वाटते’ म्हणून एसी बंद करणारा चालक नेमके हेच शस्त्र टाकून देतो.

८/ म्हणून दोष शोधताना पहिला प्रश्न : धुके आत आहे की बाहेर? बोटाने आतून पुसून पाहावे. आत असेल तर एसी सुरू करावा, हवा काचेकडे वळवावी, तापमान थोडे वाढवावे आणि आतलीच हवा फिरवणारे रीसर्क्युलेशनचे बटण बंद करावे. बाहेर असेल तर काच प्रमाणाबाहेर थंड झाली आहे. २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना सुमारे २५ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरते. तेव्हा वायपर फिरवावा, तापमान वाढवावे, गार झोत काचेवरून हटवावा.

९/ एवढे करूनही काच मोकळी होत नसेल तर बिघाड शोधावा. झोत मंद असेल तर केबिन फिल्टर तुंबलेला असू शकतो. पंखा फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल तर बहुधा रेझिस्टर गेलेला असतो. हवा पायांकडेच येत असेल तर दिशा बदलणारी झडप अडकलेली असते. पुढची सतरंजी ओली असेल तर एसीची निचरा-नळी तपासावी. गोडसर वास आणि काचेवर तेलकट थर दिसला तर हीटर कोअर गळतो आहे. ते काम गॅरेजचेच.

१०/ महाराष्ट्रात खऱ्या डिफ्रॉस्टरची परीक्षा महाबळेश्वरला होते. तेथे वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठतात, उभ्या गाड्यांच्या टपांवरही. शून्याजवळच्या तापमानात अनेक गाड्यांचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. मदार इंजिनाच्या उष्णतेवर असते. इंजिन तापूनही झोत गारच राहिला, तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, असा संशय घ्यावा. गार काचेवर उकळते पाणी कधीही ओतू नये, काच तडकते.

११/ ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची सेवा संपली. तिच्या झडपेची जागा आता पंख्यासारख्या काचेवर वळणाऱ्या रेषा असलेल्या बटणाने घेतली आहे. झडप उघडताना चालकाला ती का उघडायची हे ठाऊक असे. बटण दाबतानाही तेवढे ठाऊक असले पाहिजे, कारण भर पावसात कशेळी पुलावर काच एकाएकी पांढरी झाली की विचार करायला फार थोडे क्षण मिळतात.