पुणे परिसरातील ताऱ्यांचे रंगमापन : फिल्टरनिवडीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

डिजिटल प्रतिमेतील रंग संवेदक स्वतःच टिपतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सिलिकॉनचा संवेदक केवळ आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचे प्रमाण मोजतो. तो प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा होता, हे पुढे बसविलेल्या फिल्टरवरून ठरते. म्हणून फिल्टरची निवड हा मापनाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न ठरतो. पुणे परिसरातील खगोलशास्त्रीय कार्याच्या अनुषंगाने या प्रश्नाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

छायाचित्रण काचेचा काळ

भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नेगामवाला तिचे प्रमुख होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी जेऊर येथून घेतले. १९१२ मध्ये वेधशाळा बंद होऊन तेथील २० इंची दुर्बीण कोडईकनालला गेली.

त्या काळातील साध्या छायाचित्रण काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील, तर तांबड्याला जवळजवळ असंवेदनशील होत्या. त्यामुळे तांबडा तारा डोळ्यांना दिसे त्याहून काचेवर मंद उमटे. पुढे हाच दोष उपयुक्त ठरला. छायाचित्रावरील प्रतीतून डोळ्यांनी ठरविलेली प्रत वजा केली असता ताऱ्याचा रंग एका आकड्यात मांडता येऊ लागला. यालाच रंगनिर्देशांक म्हणतात.

प्रमाण पद्धतीची उभारणी

१९५३ मध्ये जॉन्सन व मॉर्गन यांनी 'यू', 'बी' व 'व्ही' या तीन फिल्टरांची पद्धत मांडली. 'बी' सुमारे ४४० आणि 'व्ही' सुमारे ५५० नॅनोमीटरभोवतीचा प्रकाश मोजतो. मृगातील तांबूस काक्षीचा 'बी' उणे 'व्ही' निर्देशांक सुमारे १.८, तर निळसर राजन्याचा शून्याच्या जवळ येतो. मात्र या पद्धतीत 'व्ही' पट्ट्याची तांबडी कड फिल्टरने नव्हे, तर तेव्हाच्या प्रकाशगुणक नलिकेच्या संवेदनक्षमतेने ठरत असे.

१९६९ मध्ये शोध लागलेला सीसीडी संवेदक पुढे वेधशाळांत रुळला, तेव्हा ही बाब अडचणीची ठरली. सिलिकॉन तांबड्या व निकट अवरक्त प्रकाशालाही संवेदनशील असल्याने जुनाच फिल्टर नव्या संवेदकापुढे वेगळा आकडा देऊ लागला. १९९० मध्ये बेसेल यांनी सीसीडीसाठी रंगीत काचांचे योग्य संयोग सुचविले; त्यांत तांबडा प्रकाश अडविणाऱ्या काचेची योजना होती.

गिरावली ते आदित्य

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका या संस्थेने जुन्नरजवळ गिरावली येथे २ मीटर व्यासाची दुर्बीण उभारली. १३ मे २००६ रोजी तिचे लोकार्पण झाले आणि पुणे परिसरात सीसीडीद्वारे प्रकाशमापनाची मोठी सोय झाली. पुढे आयुकाच्या पुढाकाराने इस्रोसाठी तयार झालेली 'सूट' ही दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून गेली. २०० ते ४०० नॅनोमीटर या पट्ट्यात सूर्य पाहण्यासाठी तिच्यात ११ फिल्टर आहेत : ८ अरुंद पट्ट्याचे व ३ रुंद पट्ट्याचे. येथे डोळ्यांना दिसणारा रंग मुळीच नाही. तरीही सूर्याच्या वातावरणाचा कोणता थर दिसणार, हे फिल्टरच ठरवितो.

समारोप

या इतिहासातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, फिल्टर व संवेदक यांची निवड एकत्रितच करावी लागते. दुसरी, चांगला फिल्टरही एकटा पुरेसा नसतो. लँडोल्ट यांच्या १९९२ च्या यादीतील प्रमाण ताऱ्यांचे वेध त्याच साधनाने घेऊन आकडे दुरुस्त करावे लागतात. तिसरी, फिल्टर कायम तसाच राहत नाही. तांबडा प्रकाश अडविणाऱ्या काही काचा दमट हवेत खराब होतात; सह्याद्रीसारख्या पावसाळी प्रदेशात हे दुर्लक्षिता येत नाही.

महाविद्यालयांतील साध्या डिजिटल कॅमेऱ्याचे तांबडे, हिरवे व निळे फिल्टर मानवी दृष्टीला भावणाऱ्या चित्रासाठी असतात. त्यांचे आकडे 'बी' व 'व्ही' समजून वापरणे अशास्त्रीय होय. निरीक्षणासोबत फिल्टर, संवेदक व प्रमाण ताऱ्यांची नोंद जपली नाही, तर आजची प्रतिमा उद्याच्या अभ्यासकासाठी केवळ चित्र उरेल, पुरावा उरणार नाही.